भेळेच्या गाडीवर हात आणि चटणी

वडेवाल्याला उकळतं तेल वाचवतं, भेळवाल्याला कोणीच नाही. आपला कांदा, कोथिंबीर, चटणी पुन्हा आचेवर चढत नाही. म्हणून गाडीवर नवा पोरगा आला की मी त्याला आधी हात धुवायला शिकवते, भेळ नंतर.

साबण लावून निदान 20 सेकंद चोळायचं. अंगठा आणि नखांखालची जागा पोरं हमखास सोडतात. शौचाहून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, पैशाला हात लागल्यावर पुन्हा धुवायचे. एकटेच असाल तर क्यूआर कोड लावा, सुट्ट्या पैशांचा डबा पुढे ठेवा. गिऱ्हाईक स्वतः टाकतं, स्वतः उचलतं. हातमोजे घालून नोटा मोजणारे आणि त्याच हातानं शेव भुरभुरणारे पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

बोट कापलं तर पाणी न शिरणारी पट्टी, वर हातमोजा. जखमेतले काही जंतू अन्नात असं विष सोडतात की ते उकळूनही जात नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर घरी बसायचं, थांबल्यावरही 48 तास.

हिरवी चटणी लागेल तेवढीच बाहेर, बाकीची बर्फाच्या पेटीत. रात्री उरलेली उद्याच्या भांड्यात ओतायची नाही, सरळ फेकायची. जीव तुटतो, पण फेकायची. रगडा मात्र कायम वाफाळता, 60 अंशांच्या वर.

आणि पुडीला वर्तमानपत्र नको, शाई ओल्या भेळेत उतरते.