घरची कोंबडी कापताय? मग या चुका टाळा

आखाड लागला की कोल्हापुरात घराघरात कोंबड्याचा विषय निघतोच. टेंबलाईची जत्रा, शेतातल्या म्हसोबाचा निवद, पाहुण्यांना जेवण, आणि हे सगळं श्रावणाच्या आत उरकायचं म्हणून घाई. या घाईतच पक्ष्याचे लई हाल होतात. परड्यात पिल्लापासनं वाढवलेली कोंबडी, रोज सकाळी आपल्या हातचे दाणे खाल्लेली, तिला शेवटी त्रास कमीत कमी व्हावा एवढं तर आपण करायलाच पाहिजे. आणि ज्यानं तिचा त्रास कमी होतो त्यानंच रस्सापण चांगला होतो, कारण भिऊन फडफडलेल्या पक्ष्याच्या पंखात छातीत रक्त साकळतं, मांसावर काळेनिळे डाग पडतात, आणि मग लोक म्हणतात कोंबडीच खराब होती.

सुरी हातात घ्यायच्या आधीच्या चुका

वडगावच्या बाजारातनं येताना बघा, गाडीच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या, ऊन आहे, धूळ आहे, खड्डे आहेत. हे बंद करा. कोंबडीला आपल्यासारखा छातीपोटाच्या मधला पडदा नसतो, त्यामुळं उलटं धरलं की पोटातलं सगळं वजन श्वासाच्या पिशव्यांवर येतं आणि तिला श्वास घेणं अवघड होतं, वर पायाच्या सांध्याला झटके बसतात ते वेगळंच. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा बॉक्स किंवा डालगं पुरतं. हातात धरायची तर दोन्ही पंख अंगाला दाबून काखेत सरळ धरा, लगेच शांत होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खाण्यासाठी प्राणी मारायला सूट आहे, पण विनाकारण यातना दिल्या तर ती सूट राहत नाही, हेही माहीत असू द्या.

दुसरं म्हणजे दिवसाढवळ्या अख्ख्या परड्यातनं कोंबडा पळवत धरणं. पोरांना गंमत वाटते, पण तो पक्षी जीव तोडून पळत असतो आणि बाकीच्या कोंबड्यापण बिथरतात. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळं रात्री खुराड्यातनं उचलली तर आवाजसुद्धा करत नाही. रात्रीच वेगळी ठेवा आणि पहाटे काम करा, उन्हाळ्यात तर पहाटच बरी, माश्या नसतात आणि मांस तापत नाही. आणि बाकीच्या कोंबड्यांच्या समोर कापू नका, घराच्या मागच्या बाजूला जावा.

रात्री वेगळी ठेवली की दाणे बंद, पाणी मात्र चालू ठेवायचं. ८ ते १२ तास पोट रिकामं राहिलं की गळ्यापाशी जी दाण्याची पिशवी असते ती रिकामी होते आणि आतडी साफ करताना घाण मांसाला लागत नाही. काहीजण म्हणतात मग दोन दिवस उपाशी ठेवू, तसलं काही करू नका, जास्त उपाशी ठेवल्यावर आतडी नाजूक होतात आणि हात लावला की फुटतात, शिवाय पक्ष्याला त्रास उगाच.

बोथट सुरी आणि अर्धवट कापणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. घरात कांदा कापायची जी सुरी आहे तीच घ्यायची आणि करवतीसारखी मागंपुढं फिरवत बसायचं, याच्यापेक्षा वाईट काही नाही. सुरी पातळ, दात नसलेली, आणि आदल्या दिवशी दगडावर धार लावून ठेवलेली पाहिजे. हातात कागद धरून कापून बघा, दाब न देता सरळ कापला गेला तर धार आहे.

कापायचं कुठं हेपण नीट कळलं पाहिजे. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा जातात. जबड्याच्या लगेच खाली पिसं बाजूला सारायची, डाव्या हातानं मुंडी धरून मान हलकी ताणायची आणि एकाच दमात दोन्ही बाजूच्या शिरा कापायच्या. नुसती श्वासाची नळी कापली किंवा एकाच बाजूची शीर कापली तर पक्षी बराच वेळ शुद्धीवर राहतो आणि ते हाल आपल्याला समोर बघवत नाहीत. हलाल करणारे असोत नाहीतर एका घावात मुंडी वेगळी करणारे झटकावाले असोत, पद्धत ज्याची त्याची, पण दोन्ही शिरा एका दमात कापल्या गेल्या पाहिजेत आणि हात थरथरायला नको. मान पिरगाळायचा प्रयोग तर करूच नका. मानेचा सांधा निखळवून मारायची एक पद्धत आहे पण ती शिकून घ्यावी लागते, आणि गिरिराज, वनराजसारख्या जाड मानेच्या मोठ्या कोंबड्यावर ती नवख्याला जमत नाही.

ज्याला जमणार नाही त्यानं सरळ गावातल्या मुलाणी चाचांना बोलवावं किंवा चिकनवाल्याकडं न्यावं, त्यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून बघावं, मग हात घालावा.

धरायला दुसरा माणूस नसेल तर ५ लिटरच्या तेलाच्या कॅनचं बूड कापा, तोंड मुंडी बाहेर येईल एवढं मोठं करा आणि भिंतीला खिळ्यावर उलटा घट्ट अडकवा. कोंबडी डोक्याकडनं आत सोडली की पंख आपोआप दाबून राहतात, रक्त खाली बादलीत पडतं. आता तुम्ही म्हणाल उलटं धरू नका सांगितलं आणि हे काय, तर इथं काम काही सेकंदांचं असतं, आत घातली की लगेच कापायची, घालून ठेवून सुरी शोधायला जायचं नाही. खताच्या जुन्या पोत्याचा कोपरा कापूनपण चालतं, फक्त पोतं धुतलेलं पाहिजे. मोठ्या कोंबड्याला कॅन लहान पडतो, त्याला पोतंच बरं.

कापल्यावर फेकून देणं

आपल्याकडं सर्रास कापलं की पाटीखाली किंवा ड्रममध्ये टाकतात आणि आत फडफड चालू असते. त्यानं पंखाची हाडं मोडतात आणि रक्त मांसात साकळतं. कापल्यावर थोड्या वेळानं जी जोरात फडफड येते ती बहुतेक वेळा शुद्ध गेल्यानंतरची असते, स्नायूंची आपोआप होणारी हालचाल, ते बघून घाबरून परत सुरी चालवू नका. तसंच धरून ठेवा, २-३ मिनिटं रक्त पूर्ण जाऊ द्या. मग बघा, पोटाची हालचाल थांबली का आणि डोळ्याला हलकं बोट लावल्यावर पापणी हलते का. पापणी हलली तर अजून जीव आहे. खात्री झाल्याशिवाय गरम पाण्यात बुडवायचं नाही म्हणजे नाही, यात घाई कुणी करत असेल तर हात धरून थांबवा.

पिसं निघत नाहीत किंवा कातडं फाटतं

दोन्हीचं कारण पाणी. थेट उकळत्या पाण्यात बुडवलं तर कातडं शिजतं आणि पिसाबरोबर सोलून येतं, पाणी कोमट असेल तर पिसं घट्ट राहतात. ६० ते ६५ अंश लागतं. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी आणि तेवढंच नळाचं पाणी मिसळा, साधारण तिथंच येतं, थंडीच्या दिवसात उकळतं जरा जास्त घ्या. पाय धरून अर्धा ते एक मिनिट बुडवून वरखाली हलवा म्हणजे पिसांच्या मुळाशी पाणी जातं. शेपटीचं एक मोठं पीस ओढून बघा, सहज आलं की बाहेर काढा. उरलेली लव गॅसवर किंवा शेतात असाल तर उसाच्या पाचटाच्या जाळावर भाजायची, हळद चोळून धुवायचं. गावरान कोंबडीची चव त्या भाजलेल्या कातड्यातच असते, कातडं सोलून टाकणाऱ्यांचं मला कळत नाही.

पोट उघडताना सुरी खोल घालू नका, शेपटीच्या खाली फक्त कातडं कापा आणि बोटानं आतलं सगळं सावकाश ओढा. काळजाला म्हणजे कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी म्हणजे पित्त, ते फुटलं की मांस कडू होतं, म्हणून काळजाचा छोटा तुकडा गेला तरी चालेल पण पित्त अख्खं काढा. फुटलंच तर तेवढा भाग कापून टाका आणि लगेच धुवा. शेपटीच्या वरची पिवळी तेलाची गाठपण काढायची, नाहीतर वास येतो. पेटा म्हणजे दाणे दळणारं जाड जठर, तो चिरून आतली पिवळी साल सोलायची. त्याच सुरीनं आणि त्याच पाटावर मग कोथिंबीर चिरू नका.

एवढं शिजवूनपण वातड का लागतं?

कापल्यावर काही वेळानं मांस आखडायला लागतं आणि नेमकं तेव्हाच ते चुलीवर चढतं. एक तर साफ करून लगेच शिजवा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात थंड करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी करा, फरक कळेल. वर्षाच्या वरचा कोंबडा असेल तर मात्र तो वेळ घेणारच, मंद आचेवर आळणी म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी काढतात तसं काढा, त्याचाच पांढरा रस्सा करा, घाईनं शिट्ट्या मारू नका.

आजारी कोंबडी मरायच्या आत कापून खायची हा प्रकारपण बघायला मिळतो. मान वाकडी झालेली, हिरवी पातळ विष्ठा, निळा पडलेला तुरा, एकदम दोन-चार मेल्या, असं काही असेल तर कापायचं नाही, हात लावायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. मानमोडी म्हणजे राणीखेत पण असू शकते आणि बर्ड फ्लूपण. औषध चालू असेल तर पाकिटावर किती दिवस मांस खायचं नाही ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस थांबा.

पिसं, आतडी, रक्ताचं पाणी हे ओढ्यात, पंचगंगेत नाहीतर कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकू नका. परड्यात दोन फूट खड्डा काढा, चुना टाका, माती घट्ट दाबा आणि वर जड दगड ठेवा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. पिसं शेणखताच्या उकिरड्यात खोल घातली तरी हळूहळू कुजतात आणि खत चांगलं होतं.