एमआरआयची आरएफ कॉइल स्वतः बनवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कॉइल, म्हणजे शरीरातला रेडिओ सिग्नल पकडणारा तांब्याचा लूप, टेबलावर रिकामीच ट्यून करायची. नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (कॉइल कुठल्या फ्रिक्वेन्सीला ट्यून आहे ते दाखवणारं यंत्र) मस्त खोल डिप दिसतो, आपण खूश, आणि मग आत गुडघा गेला की फ्रिक्वेन्सी सरकते, 50 ओहमचं मॅचिंगही बिघडतं. म्हणून लोड, म्हणजे शरीर किंवा त्याची नक्कल, ठेवूनच ट्यून करा, मिठाच्या पाण्याचा फँटम (शरीराऐवजी ठेवायचा नमुना) चालतो, नुसतं शुद्ध पाणी नको कारण ते शरीरासारखं करंट वाहून नेत नाही. आणि फ्रिक्वेन्सी स्वतःच्या स्कॅनरची घ्या हं, प्रोटॉनला दर टेस्लामागे 42.58 मेगाहर्ट्झ म्हणजे 3 टेस्लाला 127.7, पण 3 टेस्ला म्हणवणारे काही मॅग्नेट प्रत्यक्षात 2.89 चे असतात, तिथे 123.2 लागते.

क्यू, म्हणजे कॉइलमध्ये ऊर्जा किती कमी वाया जाते त्याचा आकडा, दोनदा मोजा, रिकामा आणि लोडसकट. 200 चा 40 झाला तर छान, नॉइज मुख्यतः शरीराचाच आहे. 200 चा 150 च झाला तर कॉइलच सिग्नल खातेय, सोल्डर जॉइंट आणि कपॅसिटर तपासा, किंवा कॉइल शरीरापासून फार लांब आहे का ते बघा. लोड ठेवल्यावर फ्रिक्वेन्सी खूपच हलत असेल तर लूपमध्ये कपॅसिटर वाढवून तांब्याचे तुकडे छोटे करा.

केबलवरून हात फिरवल्यावर ग्राफ हलतो? मग केबलच अँटेना झालीय. केबल ट्रॅप, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणावरचा करंट अडवणारं सर्किट, लावा, पण फेराइटवाला नको, मॅग्नेटमध्ये तो चालत नाही.

माझ्या एका कॉइलच्या इमेजमध्ये कपॅसिटरच्या जागी काळा डाग यायचा, दोन दिवस ट्यूनिंगशी झटत बसलो आणि शेवटी निघालं काय तर टर्मिनलखाली निकेलचा थर, आणि निकेल चुंबकीय असतं. तेव्हापासून प्रत्येक पार्ट आधी चुंबकाजवळ धरून बघतो.

आता जिथे अजिबात तडजोड नको ते, डिट्यूनिंग, म्हणजे गरज नसताना कॉइल त्या फ्रिक्वेन्सीवरून हटवणं. बॉडी कॉइल (स्कॅनरमधली मोठी कॉइल) ट्रान्समिट करते तेव्हा तुमची रिसिव्ह कॉइल ट्यून राहिली तर तिच्यात जबरदस्त करंट येतो आणि माणूस भाजू शकतो. पिन डायोडचं (डीसी करंटने चालू-बंद होणारा स्विच) अ‍ॅक्टिव्ह डिट्यूनिंग हवंच, शिवाय डीसी सप्लाय गेला तरी काम करणारं पॅसिव्ह सर्किट आणि फ्यूजही. दोन लूपच्या प्रोबने डिट्यूनिंग ऑन आणि ऑफ असतानाचा फरक मोजा, निदान 30 डीबी तरी यायला हवा. मग फँटमवर तापमान तपासा, सेफ्टीवाल्यांची परवानगी घ्या, आणि ती मिळेपर्यंत स्वतःचा हातसुद्धा आत घालू नका.