मासेमारीसाठी नंबरचा पोलराइज्ड गॉगल : या चुका टाळा

खडपावर, खाडीच्या बंधाऱ्यावर किंवा धरणाच्या काठावर गळ टाकणाऱ्याला चष्मा असेल, तर त्याची गॉगलची खरेदी बहुधा उलट्या क्रमाने होते : आधी काचेचा रंग आवडतो, मग फ्रेम ठरते आणि नंबराचा कागद सर्वांत शेवटी पुढे केला जातो. वास्तविक आपण पाण्याकडे कोणत्या कोनातून पाहणार आहोत आणि त्या वेळी नजर काचेच्या कोणत्या भागातून जाणार आहे, हे आधी ठरवायला हवे. रंगाचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मोठ्या प्रमाणात आडव्या दिशेत असतात आणि पोलराइज्ड काचेतील पापुद्रा नेमका हा आडवा प्रकाश अडवतो. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, पाण्याच्या बाबतीत हा परिणाम पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात सर्वाधिक असतो. खडपावर उभे असताना डोळे पाण्यापासून ३ मीटर उंचीवर असतील, तर साधारण ४ मीटर पुढच्या पाण्यावरची चकाकी जवळजवळ नाहीशी होते. अगदी पायाखाली किंवा दूर क्षितिजाकडे तेवढा फरक पडत नाही. त्यामुळे ‘दूरचे पाणी अजून चकाकतेच’ ही तक्रार घेऊन दुकानात जाण्यात अर्थ नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तर कितीही महागड्या काचेने मासा दिसणार नाही, कारण तेथे नजर गाळामुळे अडते.

चाळिशी ओलांडलेल्यांची सर्वांत मोठी चूक याच कोनाशी निगडित आहे. ते रोजच्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा आणि जवळचा नंबर एकाच बिनरेषेच्या काचेत असलेल्या, चष्म्याचा नंबर जसाच्या तसा गॉगलमध्ये बसवून घेतात. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचनाच्या, म्हणजे हाताएवढ्या अंतरासाठी असतो आणि ज्या कोनात पोलराइज्ड काच उत्तम काम करते, त्या कोनात डोळे खाली वळवले की नजर बरोबर त्याच भागात शिरते. परिणामी चकाकी जाते, पण ४ मीटरवरचे पाणी धूसर दिसते. शिवाय शेवाळलेल्या, कालवांनी भरलेल्या कातळावर पाऊल कोठे पडते आहे, हेही नीट कळत नाही. दुकानात ‘सवय होईल’ असे सांगितले जाते. रस्त्यावर ती होतेही, परंतु ओल्या खडपावर तिची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. अशांनी मासेमारीचा गॉगल केवळ दूरच्या नंबराचा करावा आणि गाठ मारण्यासाठी किंवा गळाच्या नेढ्यात दोरी ओवण्यासाठी वाचनाचा साधा चष्मा गळ्यात अडकवून ठेवावा. एकाच काचेचा आग्रह असेल, तर लहान आणि नेहमीपेक्षा खाली बसवलेल्या खिडकीचा बायफोकल पोलराइज्ड काचेत मिळतो का, हे विचारावे. प्रोग्रेसिव्ह काच आधीच करून घेतली असेल, तर डोळे न वळवता मान खाली घालून पाहावे. त्याने बराचसा प्रश्न सुटतो, मात्र संध्याकाळपर्यंत मान अवघडते.

दुसरी चूक फ्रेमची. बाजूने शिरणारा प्रकाश अडवण्यासाठी कानशिलापर्यंत वळलेली फ्रेम निःसंशय चांगली. परंतु नंबराची काच तितक्या वळणात बसवली की नजर काचेतून तिरकी जाते आणि कडेचे चित्र विकृत दिसते. लॅबने त्या वळणाचा हिशेब करून नंबरात दुरुस्ती केली नसेल, तर गॉगल घातल्याबरोबर भोवळ येणे, जमीन कललेली वाटणे, फेकीचे अंतर चुकणे हे ठरलेलेच. मायनस चारच्या पुढचा किंवा मोठा सिलिंडर (दृष्टिवैषम्यासाठीचा, ठरावीक दिशेत बसवावा लागणारा नंबर) असलेला नंबर असल्यास सौम्य वळणाची, मध्यम आकाराची आणि रुंद दांड्यांची फ्रेम घ्यावी. नंबर फारच मोठा असेल, तर रोजच्या चष्म्यावर बसणारा पोलराइज्ड क्लिप-ऑन दिसायला जरा ओबडधोबड असला तरी अधिक प्रामाणिक पर्याय आहे. मधुमेह असणाऱ्यांनी साखर वरखाली होत असताना नंबर काढून घेऊ नये, कारण तिच्याबरोबर नंबरही बदलतो.

गॉगल हातात आल्यावर दोन्ही काचांतील पापुद्र्यांची दिशा जुळते का, हे दुकानातच पाहावे. सिलिंडरच्या नंबरात येथे चूक होण्याचा संभव अधिक असतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवला, तर दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या पडायला हव्यात. एक आधी आणि दुसरी नंतर काळवंडली, तर पाण्यावर एका डोळ्याला चकाकी दिसत राहील आणि तासाभरात डोके दुखेल; असा गॉगल परत करावा. चकाकीची परीक्षा गुळगुळीत फरशीवर किंवा काउंटरच्या काचेवर घ्यावी. स्टीलवर किंवा आरशावर ती घेऊ नये, कारण धातूवरून येणाऱ्या चमकेवर पोलराइज्ड काचेचा फारसा परिणाम होत नाही. उलट, गाडीच्या मागच्या काचेवर चट्टे दिसले किंवा मासे शोधण्याच्या यंत्राचा पडदा मान कलती केल्यावर अंधारला, तर गॉगलमध्ये काही बिघडलेले नाही.

पोलराइज्ड असणे आणि अतिनील किरण अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवण्याची, खात्री स्वतंत्रपणे करून घ्यावी. काच जितकी गडद तितकी चांगली, हाही गैरसमजच. गॉगलच्या काचांना गडदपणानुसार श्रेणी दिलेल्या असतात; श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि भर उन्हात ती योग्य आहे. पहाटेच्या भरतीला जिताड्यासाठी बसणाऱ्याला मात्र १८ ते ४३ टक्क्यांची श्रेणी २ बरी पडते. श्रेणी ४ ची काच घालून गाडी चालवू नये. उथळ खाडीसाठी तपकिरी किंवा तांबूस रंग, खुल्या समुद्रासाठी करडा. रंगाविषयी याहून अधिक विचार करण्याची गरज नाही. गळ किंवा शिसे उसळून डोळ्यावर येऊ शकते, म्हणून काच पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या आघात सोसणाऱ्या प्लास्टिकची असावी, आणि पाठीमागून येणारे ऊन काचेच्या आतल्या बाजूवरून डोळ्यात परावर्तित होऊ नये, यासाठी त्या बाजूला परावर्तनविरोधी थर अवश्य मागावा.

काही महिन्यांत काचेच्या कडेला दुधाळ पट्टा किंवा बुडबुडे दिसू लागले, तर पापुद्रा सुटू लागला आहे असे समजावे. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवणे आणि खारे पाणी न धुता काचेवर सुकू देणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याखाली धुऊन मगच पुसावे, नाहीतर मिठाचे कण काच ओरखडतात. परंतु पट्टा स्क्रूच्या बाजूने किंवा रिमलेस फ्रेमच्या भोकापासून सुरू झाला असेल, तर काच जास्त दाबून बसवली गेल्याची किंवा भोक पाडताना तिला इजा झाल्याची शक्यता मोठी आहे. सुटलेला पापुद्रा पुन्हा चिकटवता येत नाही, म्हणून अशा वेळी पावती घेऊन दुकानात जावे आणि काच बदलून मागावी.