आर्टिचोक काळे पडू नयेत म्हणून

इथे कॅलिफोर्नियात वसंतात कॅस्ट्रोव्हिल गावचे ताजे आर्टिचोक (जाड पाकळ्यांच्या मोठ्या हिरव्या कळीसारखी भाजी) भरपूर येतात. चिरताच ते काळे पडायचे. उपाय सापडला लिंबाचा. पातेलंभर पाण्यात एक लिंबू पिळून ठेवते, प्रत्येक फोड कापली की लगेच त्यात. सुरी आणि भांडं स्टीलचंच हवं, लोखंड-अॅल्युमिनियमने रंग बिघडतो.

वरचा भाग कापून पाकळ्यांची काटेरी टोकं कात्रीने छाटायची. देठ मात्र टाकू नका! सोलल्यावर आतला गर फार चवदार असतो. मधलं केसाळ तूस चमच्याने पूर्ण खरवडायचं, ते घशात टोचतं. अर्धे केलेले आर्टिचोक झाकण ठेवून २५-३० मिनिटं वाफवते; आतली पाकळी ओढताच सुटली की झाले. वर लसूण परतलेलं तूप, मीठ, मिरपूड.