घरच्या गॅरेजमध्ये जुनी फियाट दुरुस्त करून पुन्हा उभी करताना या चुका टाळा

जुनी पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे बनलेली फियाट, घरी आली की पहिल्याच रविवारी रंगाची चर्चा सुरू होते. मूळचा क्रीम ठेवायचा की गडद निळा मारायचा? माझं सांगणं एवढंच, की रंगाचा विषय सहा महिने बाजूला ठेवा आणि पुढच्या सीटसमोरची मॅट उचला. खालचा फेल्ट ओला लागला किंवा बोटाला तांबूस पूड आली, तर तुमचं खरं काम तिथे आहे.

"चेसिस ठणठणीत आहे, पत्रा नंतर बघू"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात यानेच करतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते. जुन्या जीपला खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. ती उचलून बाजूला ठेवता येते. १९५३ मध्ये इटलीत आलेल्या फियाट ११०० ची रचनाच वेगळी होती. तिच्यात फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पेट्या म्हणजे सिल, खांब आणि छप्पर मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. आपली डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीचं मॉडेल, आणि नंतर कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी याच घराण्यातल्या. त्यामुळे सिल सडली तर गाडीचा कणाच सडला असं समजा.

तपासणी सोपी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोक दाबा, आत गेलं तर खडूने गोल करा. मागच्या कमानपाट्या (लीफ स्प्रिंग) जिथे अडकतात ते दोन्ही कोंडे, जॅक लावायच्या जागा आणि डिकीचा तळ यांच्यावर विशेष लक्ष द्या. मऊ फडक्यात गुंडाळलेला लहान चुंबकही जवळ ठेवा. तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे.

दोन्ही बाजू एकदम कापणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. चेंबूरला मावशीच्या घरामागच्या शेडमध्ये गाडी चार टोकांना स्टँडवर चढवली, दारं काढली आणि एकाच शनिवारी दोन्ही सिल कापल्या. नवा पत्रा बेतून नीट वेल्ड केला. वेल्डिंग खरंच छान झालं होतं. मग दार बसवायला गेलो तर ते वरच्या कोपऱ्यात खांबाला आपटायला लागलं. बिजागऱ्या सैल केल्या, पातळ पट्ट्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी कुर्ल्यातल्या एका जुन्या डेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी दाराच्या फटीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "गाडी पोटातून बसलीय. दार लावून मग कापायचं असतं रे बाबा." सगळं वेल्डिंग पुन्हा कापावं लागलं.

कारण असं. गाडी टोकांवर टेकलेली असताना मधला आधार कापला की मधला भाग खाली झुकतो. मग दाराची चौकट वरच्या बाजूला आवळते आणि खाली फाकते. मधोमध जॅक लावला तर याच्या उलट होतं. हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो, पण दाराला तेवढा पुरतो.

म्हणून एका वेळी एकच बाजू घ्या. कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप आडवा आणि तिरका टॅक करून टाका, म्हणजे ठिपक्यांपुरतं वेल्डिंग करा. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा आणि आकडे भिंतीवर लिहा, कारण कागद हरवतो. स्टँड चाकांच्या सस्पेन्शनखाली, म्हणजे गाडी एरवी जिथे वजन टेकवते तिथे हवेत. नवी सिल नुसती टॅक करा, दार लावा, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. पूर्ण वेल्डिंग त्यानंतर.

दार आधीपासूनच लोंबत असेल तर तेही आधी ओळखा. दार अर्धं उघडा, टोकाला धरून वर उचला आणि बिजागरीकडे बघा. पिन हलत असेल तर पिन-बुश बदलून भागेल. खांबाचा पत्राच हलत असेल तर खांबाचा पाया गेलाय.

जाड पत्रा म्हणजे मजबूत काम, हा समज

मूळ पत्र्याच्या जाडीचाच सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा वापरा. वीस गेज साधारण ०.९ मिलिमीटर, अठरा गेज १.२. फ्लोअरला दोन मिलिमीटरची प्लेट ठोकली तर प्लेट तापेपर्यंत शेजारचा जुना पत्रा जळून भोक पडतं आणि नंतर चीर जोडाच्या कडेलाच जाते. गॅस वेल्डिंगने मोठा पॅनल हमखास वाकडातिकडा होतो. सीओटू (वायर आणि कार्बन डायऑक्साइड वायूचं) वेल्डिंग घ्या, एक टॅक इथे, पुढचा लांब तिकडे, आणि पत्रा आपोआप गार होऊ द्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सहज गंजत नाही म्हणून काही जण तो आणतात. तापल्यावर त्यातल्या जस्ताचा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडीताप भरतो. घरच्या बंद शेडमध्ये तो नकोच.

सडक्या भागावर पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून वर डांबर फासणं हा सर्वात स्वस्त आणि सर्वात घातक उपाय. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि डांबरामुळे काही दिसतही नाही. गंज आहे तिथपासून पुढे, चकचकीत धातू लागेपर्यंत कापा.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. जवळचा फेल्ट, फोम, वायरिंग हलवा, ओली गोणपाटं आणि अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. फेल्टमधली ठिणगी उशिरा पेटते.

मुंबईच्या हवेला विसरणं

पुस्तकी पद्धत सांगते, की सगळी गाडी उघड्या पत्र्यापर्यंत सोलून घ्या. पुण्यात हिवाळ्यात कदाचित जमेल. इथे खारी, दमट हवा आहे. आज घासलेल्या पत्र्यावर उद्या सकाळी तांबूस झाक येते आणि घामट हाताचा ठसाही दोन दिवसांत उमटतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं घासून प्राइमर मारता येईल तेवढंच उघडा. प्राइमर इपॉक्सी घ्या. नेहमीचा करडा सरफेसर प्राइमर सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो. पावसाळाभर गाडी नुसत्या करड्या प्राइमरवर ठेवली तर गणपतीपर्यंत खालून गंज सुरू झालेला असतो.

पत्र्याचं सगळं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आसपास संपवायचं, असं मी आता ठरवूनच टाकलंय. जून ते सप्टेंबर इंजिन, वायरिंग, सीट, क्रोम. बारीक गंजके भाग सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे वाण्याकडच्या लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. मात्र स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट त्यात टाकू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

पाणी कुठून येतं हे न शोधता फ्लोअर बदलणं

नवा फ्लोअर तीन पावसाळ्यांत पुन्हा सडतो तो यामुळे. पुढच्या काचेचं रबर वाळून टणक होतं, पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि मॅटखाली साठतं. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरावी, दुसऱ्याने बाहेरून हळूहळू पाणी सोडावं. पुडीत ओघळ उमटतो. खालून सुरुवात करून वर जा. आधीच छपरावर बादली ओतली तर काही कळत नाही.

दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी जायला छिद्रं असतात. सीलंट आणि अंडरकोटिंग मारताना ती हमखास बुजतात. आधी प्रत्येक छिद्रात आगपेटीची काडी खोचा, काम झाल्यावर काढा. पोकळ पेट्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारा.

ओल्या पुट्टीवर रंग

पहिल्याच पावसाळ्यात रंगावर फोड आले तर नव्वद टक्के लोक रंगाला दोष देतात. मी आधी पुट्टी कशी घासली ते विचारतो. आपल्याकडे सगळं 'पाणी पेपर'ने, म्हणजे ओल्या सँडपेपरने, घासायची सवय आहे. पुट्टी पाणी पिते, वर रंग बसला की ते आत कोंडतं. पुट्टी कोरडीच घासा. पाणी पेपर प्राइमर चढल्यावर. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले तर पत्र्यावर तेल किंवा सिलिकॉन पॉलिश राहिलंय, नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल-पाणी येतंय. कॉम्प्रेसरच्या टाकीचा तळाचा नळ रोज सोडा. पृष्ठभाग पांढुरका झाला तर हवेत दमटपणा जास्त होता. मंद सुकणारा थिनर घ्या किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहा.

रंगाचा शेवटचा हात मात्र घरी मारू नका, हे मी कळकळीने सांगतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं, कापडी मास्क त्याला अडवत नाही, आणि सोसायटीत लहान मुलं असतात. रंगाचा बंद बूथ असलेल्या ठिकाणी पैसे मोजा.

सुटे भाग आणि कागद

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईच्या ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. मोडीत निघालेल्या टॅक्सींची दारं-बोनेटं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात दिसली, तर चुंबक खिशात असू द्या. एकेका दारावर वर्षानुवर्षांच्या पुट्टीचे थर असतात. बिल मागून घ्या.

चेसिस नंबर ठोकलेल्या पत्र्याला ग्राइंडर लावू नका, तो भाग झाकून काम करा. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. मात्र गाडी मूळ रूपात हवी, आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल केलेला नसावा. म्हणून सडलेला तुकडा बदलताना मूळचाच आकार, मूळचीच घडी ठेवा. प्रत्येक तुकड्याचे तीन फोटो काढा: कापण्याआधी, टॅक केल्यावर आणि प्राइमर मारल्यावर, शेजारी टेप धरून.