घरच्या घरी गाडीचं ट्यूबलेस पंक्चर काढायचं तर

टायरात खिळा दिसला की हात पहिला पक्कडीकडं जातो, तो तिथंच थांबवा. खिळा आत आहे तोवर भोकाला बूच आहे, हवा दमादमानं जाते, कधी कधी तर दोन दिवसात चार-पाच पीएसआयच (हे हवेच्या दाबाचं माप) उतरते. एकदा उपटला की फुस्स, आणि मग कळतं की पंक्चर किटमधली सोल्युशनची, म्हणजे रबर चिकटवायच्या गोंदाची, ट्यूब वाळून गेलीय आणि हवेचा पंप मेव्हणा घेऊन गेलाय. त्यामुळं सगळं सामान टायरापाशी मांडून मगच खिळ्याला हात लावायचा.

हे सगळं ट्यूबलेसचं, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेल्या टायरचं सांगतोय हां, हल्लीच्या बहुतेक गाड्यांना तेच असतंय. जुन्या गाडीला ट्यूब असेल तर हे किट काही कामाचं नाही, स्टेपनी लावा आणि सरळ दुकान गाठा.

आता कुठलं पंक्चर घरी काढायचं आणि कुठलं नाही, लोकं सगळ्यात जास्त चुकतात ती इथंच. नक्षी असलेला, रस्त्याला टेकणारा जो भाग आहे तिथलंच पंक्चर घरी काढायचं. साईडला, म्हणजे जिथं टायरचं नाव आणि साईज लिहिलेली असते, तिथं खिळा घुसला असेल तर किट उघडूच नका. गाडी चालताना साईड सारखी दबते आणि सरळ होते, शिवाय नक्षीच्या खाली असतो तसा स्टीलच्या तारांचा पट्टा तिथं नसतो, त्यामुळं भोकात ठासायची रबराची स्ट्रिप धरत नाही आणि नेमकी हायवेला स्पीडमध्ये असताना निसटली तर मग बघायलाच नको. नक्षीची अगदी कडेची पट्टी असते ना, तिथलं बी तसंच. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा फाटल्यासारखा कट असेल तर सोडून द्या. आणि हवा गेलेल्या टायरवर "जवळच तर आहे घर" म्हणत गाडी तशीच रेटली असेल तर तो टायर आधी रिमवरून काढून आतून बघून घ्या, कारण साईड आतून घासून रबराचा भुगा होतो आणि बाहेरून काही कळत नाही. टायर गोटाच झाला असेल तर पंक्चर काय काढता, बदला की ओ तो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर रस्त्यावर आणायचाच नाही.

सामान लई नाही. रीमर म्हणजे ते खरखरीत दाताचं हत्यार, स्ट्रिप घालायची सुई, चिकट तपकिरी स्ट्रिप्स, सोल्युशन, पक्कड, ब्लेड, साबणाचं पाणी आणि हवेचा पंप. रीमर आणि सुई घेताना टी आकाराची लोखंडी मूठ बघून घ्या, प्लॅस्टिकच्या मुठीवर जोर दिला की ती हातात तुटून येते.

पुढचं चाक पंक्चर असेल तर एक सोपी गोष्ट करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाक बाहेर डोकावतं आणि बऱ्याच वेळा जॅक न लावताच काम होतं. मागच्या चाकाला गाडी थोडी पुढं-मागं ढकलून खिळा हाताला येईल असा आणा, तरी जमत नसेल तरच चाक काढा. चाक काढायचं तर नट आधी गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, जॅकवर चढवून पान्याला झटके देत बसू नका. आपल्याकडं जॅकच्या खाली लाकडी फळी पाहिजेच, काळ्या मातीत पाऊस झाला असेल तर जॅक खाली बसतो आणि मे महिन्यात डांबर इतकं मऊ पडतं की तिथं बी रुततो. गाडी जॅकवर असताना खाली वाकून डोकं घालायचं नाही, काय पडलं असेल ते नंतर घ्या.

खिळा कुठं आहे ते दिसत नसेल तर टायरवर साबणाचं पाणी मारत जा, बुडबुडे येतील ती जागा. जागेवर खडूनं खूण करा आणि खिळा तिरका घुसलाय का सरळ ते नीट बघा, हे पुढं लागणारे. आता पक्कडीनं खिळा ओढा आणि रीमर त्याच तिरक्यात घाला, उजवीकडं फिरवत फिरवत आत, आणि बाहेर काढताना बी उजवीकडंच फिरवत. आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. इथं माणूस घाबरतो, भोक आणखी मोठं करतोय की काय असं वाटतं, म्हणून दोनदा फिरवून सोडून देतो आणि मग स्ट्रिप आत जातच नाही. रीमरनं आतली तुटकी तार साफ होते आणि रबर खरखरीत होतं, म्हणूनच सोल्युशन धरतं. जोर लागतो, लागू दे.

स्ट्रिप सुईच्या डोळ्यातून अर्ध्यापर्यंत ओढा, दोन्ही टोकं सारखी. सोल्युशन चोपडा, पेट्रोलसारखं पेट घेतंय ते, त्यामुळं विडी-सिगरेट लांब. मग सुई भोकात दाबायची, दोन्ही टोकं बाहेर साधारण एक-दीड सेंटीमीटर उरेपर्यंत. आणि सुई एका झटक्यात सरळ बाहेर! पिळू नका, हळू बी ओढू नका, नाहीतर स्ट्रिप सुईबरोबर परत येते. बाहेरची शेपटी ब्लेडनं कापा पण अगदी सपाट नाही, दोन-तीन मिलिमीटर राहू द्या, म्हणजे टायर दबताना स्ट्रिप आत ओढली जाणार नाही.

मग हवा भरा आणि परत साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर स्ट्रिप काढून दुसरी घाला, वरून सोल्युशन ओतून काही होत नाही. आणि साबण मारतोच आहात तर हवा भरायच्या वॉलवर बी मारा, बऱ्याच वेळा "रोज हवा कमी होते" याचं कारण खिळा नसतो, दहा-वीस रुपयाची वॉल पिन असते.

हवा किती ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं, छोट्या गाड्यांना बहुतेक ३० ते ३५ पीएसआयच्या मधे. मोजायची सकाळी, गाडी उभी असताना. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढते, आणि सोलापुरात उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यात फरक किती असतो ते सांगायला नको, वर गाडी पंढरपूरहून आत्ताच आलेली असेल तर आकडा आणखी फुगतो. तो बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असतो आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो. ही चूक लई लोकं करतात, "ऊन आहे, दोन कमीच ठेव" म्हणून.

स्ट्रिप गावात फिरायला बास आहे, कित्येकांची टायर बदलेपर्यंत चालते. पण पुणे किंवा हैदराबादला हायवेनं जायचं असेल तर आधी दुकानात टायर उघडून आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात बसतो आणि टोपी आतून चिकटते तो पॅच, मारून घ्या, पक्कं काम तेच.

स्टेपनीची हवा बी महिन्याला बघा. आणि नवी गाडी घेतली असेल तर डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बी बघा, कारण २०२० मध्ये नियम बदलला, टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याचं सांगणारी सिस्टिम आणि रिपेअर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. किटमध्ये फेसासारखं लिक्विड असेल तर त्याची मुदत वाचून ठेवा आणि ते टायरात सोडलं असेल तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा, टायर उघडल्यावर त्याच्या हातावर येतं सगळं.

सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की पुढच्या वेळेपर्यंत वाळलीच म्हणून समजा, नवीन आणून ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं ट्यूब फुगते आणि स्ट्रिप्स एकमेकीला चिकटून गोळा होतात, घरात कपाटात ठेवायचं आणि लांब निघताना डिकीत टाकायचं.