थंडीच्या लाटेत पाणी कधी आणि कसं द्यायचं

नाशिकच्या निफाड, येवला, चांदवड पट्ट्यात पारा घसरला की बहुतेक द्राक्षबागांत रात्रीचं पाणी आणि शेकोट्या सुरू होतात. दोन्ही उपाय बरोबर आहेत, पण वेळ चुकली तर पाणीच बाग आणखी गार करतं.

हिशेब असा आहे. एक लिटर पाणी २२ अंशांवरून शून्यावर येताना २२ किलोकॅलरी उष्णता सोडतं. त्याचा बर्फ होताना तापमान तेवढंच राहून आणखी ८० सुटतात. तेच पाणी वाफ होऊन उडालं, तर मात्र जवळपास ६०० किलोकॅलरी आजूबाजूच्या पानांतून, मातीतून आणि हवेतून ओढून घेतं. म्हणजे साडेसात लिटर पाणी गोठून जे मिळतं, ते एक लिटर उडाल्यानं जातं.

म्हणून तुषार सिंचनाच्या वाटेला जाऊ नका. ते एकदा सुरू केलं की ऊन येऊन पानांवरचा बर्फ वितळेपर्यंत अखंड चालावं लागतं. पहाटे चारला वीज गेली, तर ओली पानं वाऱ्यानं सुकताना कोरड्या पानांपेक्षाही गार पडतात. आपल्याकडच्या विजेवर हा जुगार नको.

पाणी जमिनीला द्या. लाटेचा इशारा आला की आदल्या दिवशी दुपारपर्यंत वरचा फूटभर थर ओला करून घ्या. ओली, दाबून बसलेली माती दिवसा ऊन साठवते आणि रात्रभर सोडते. कोरड्या भुसभुशीत मातीत ऊब खोल उतरतच नाही. त्यामुळे या दिवसांत कुळवणी, खुरपणी नको. वेलीखाली पाचटाचं जाड आच्छादन असेल, तर तेवढ्या रात्रींपुरतं बाजूला सारा. उन्हाळ्यात ओल धरणारं हेच आच्छादन आता मातीची ऊब वर येऊ देत नाही.

पहाटे तीन-साडेतीनपासून ठिबक चालवायचं, तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या. शेततळ्याचं पाणी उघड्यावर रात्रभर गार झालेलं असतं. मण्यांत पाणी उतरत असेल, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले असतील, तर एका दमात भरपूर पाणी देऊ नका, मणी तडकतात. नेहमीचीच मात्रा तुकड्यांत द्या.

रात्र किती घातक ठरेल, हे दवावरून ओळखता येतं. वाफेचं दव होताना तीच ६०० किलोकॅलरी पानाला परत मिळते, त्यामुळे दव लवकर पडलं तर पारा सावकाश उतरतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि मध्यरात्रीपर्यंत पानं कोरडी, ही रात्र सर्वांत वाईट. संध्याकाळी दोन थर्मामीटर शेजारी टांगा, एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि वारा घाला. दोन्हींत ४-५ अंशांहून जास्त फरक दिसला, तर हवा कोरडी आहे असं समजा. अंदाजातलं किमान तापमान साधारण चार-पाच फुटांवरच्या हवेचं असतं; जमिनीलगत ते आणखी काही अंशांनी कमी भरतं. थर्मामीटर बागेच्या खोलगट कोपऱ्यात लावा, कारण गार हवा उताराने तिथंच येऊन साचते. खालच्या बांधावरचं दाट कुंपण तिला अडवत असेल, तर वाट मोकळी करा.

शेकोटी एकच मोठी नको. तिची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. बागेभर लहान लहान, धुमसत राहणाऱ्या शेकोट्या करा. नुसत्या धुरावर मात्र फार भिस्त ठेवू नका, काम मुख्यतः आगीची ऊब करते.

सकाळी पानांवर दव असताना फवारणी नको, औषध पातळ होऊन ओघळतं. दव सुकल्यावर डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगासाठी पानांची खालची बाजू तपासा.

जळगावकडे केळीचं नुकसान व्हायला बर्फ पडावाच लागत नाही. १० अंशांखालीच वाढ खुंटते आणि निसवणारा, म्हणजे झाडातून बाहेर पडणारा घड गळ्यात अडकतो. तिथं निसवलेल्या घडांना स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) घाला, उत्तरेकडच्या बाजूला शेडनेट बांधा आणि खालची हिरवी पानं कापू नका.